कुठून आलात की कुठले आहात?

11 मार्च 2020 या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले. त्याच संध्याकाळी भारत सरकारने जाहीर केले की राजनैतिक, शासकीय, आंतरराष्ट्रीय संघटना, रोजगार आणि प्रकल्प हे प्रकार सोडले तर आधी दिलेले सगळे व्हिसा 15 एप्रिलपर्यंत स्थगित राहतील. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्डावर मिळणारा व्हिसामुक्त प्रवेशही तोवर बंद राहील, असेही त्यात होते. काही तासांतच अमेरिकेने युरोपातल्या शेंगेन देशांमधून येणाऱ्या परदेशी नागरिकांना प्रवेशबंदी केली. पुढच्या दहा दिवसांत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने दारे लावून घेतली, भारतात नियमित आंतरराष्ट्रीय विमाने उतरेनाशी झाली, आणि एप्रिलअखेर जगात असा एकही देश उरला नाही की ज्याने प्रवेशावर काही ना काही निर्बंध घातले नव्हते. 2020 या वर्षात आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली. इतक्या थोड्या अवधीत इतक्या सीमा एकदम बंद झाल्याचे दुसरे उदाहरण शांततेच्या काळात सापडत नाही. या सगळ्या नियमांच्या मुळाशी दोन निरनिराळे प्रश्न होते. पहिला प्रश्न प्रवासाचा: तुम्ही कुठून आलात, तिथून कधी निघालात, वाटेत कुणाच्या संपर्कात आलात? दुसरा प्रश्न ओळखीचा: तुम्ही कुठले, तुमचा पासपोर्ट कोणता, व्हिसा कोणत्या वर्गातला? साथीला अडवण्याच्या कामी पहिल्याच प्रश्नाचा उपयोग होतो. तरीही तीन वर्षे बहुतेक सरकारे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर माणसे आत घेत किंवा परत पाठवत राहिली. त्यातून आरोग्याचा लाभ फार थोडा झाला आणि माणसांची हानी मात्र फार मोठी झाली, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. भारतातली पहिली कोविडबाधित व्यक्ती 30 जानेवारी 2020 रोजी केरळमधल्या त्रिशूरला सापडली. ती वुहानमध्ये शिकणारी भारतीय विद्यार्थिनी होती. महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण 9 मार्चला पुण्यात आढळले. ते दुबईची सहल करून परतलेले भारतीय नागरिक होते. दोन्ही ठिकाणी व्हिसाचा संबंधच नव्हता, कारण आपल्या देशात परतणाऱ्या माणसाला व्हिसा लागत नाही. पुण्याचे उदाहरण जास्त बोलके आहे. तोवर विमानतळावरच्या तपासणीचा रोख चीन, इराण, इटली, दक्षिण कोरिया अशा देशांवर होता. दुबई त्या नजरेत नव्हती. पण दुबईचा विमानतळ हे जगभरच्या प्रवाशांच्या मिसळण्याचे ठिकाण आहे, आणि मुंबई-पुण्याहून तिथे रोजची ये-जा आहे. ही चूक सरकारच्या लवकरच ध्यानात आली. 16 मार्चच्या आदेशाने संयुक्त अरब अमिरात, कतार, ओमान आणि कुवेत येथून येणाऱ्यांना, अगदी तिथे केवळ विमान बदललेल्यांनाही, 14 दिवसांचे विलगीकरण सक्तीचे झाले. हा नियम नागरिक आणि परका असा भेद करत नव्हता. त्याच सुमारास महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हाताच्या पंजावर मागच्या बाजूने शिक्का मारायला सुरुवात झाली. मतदानाला वापरतात ती न पुसणारी शाई, आणि कोणत्या तारखेपर्यंत घरात राहायचे ती तारीख. या शिक्क्याने माणसाला चारचौघांत उघडे पाडले. असा शिक्का असलेले चार प्रवासी पालघरला रेल्वेतून उतरवले गेले. ही पद्धत कठोर होती आणि तिच्यावर आक्षेप घेता येतात. पण तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता. शिक्क्यावर तारीख होती, राष्ट्रीयत्व नव्हते.

अमेरिकेत काय झाले? 31 जानेवारी 2020 च्या आदेशाने, आधीच्या 14 दिवसांत चीनमध्ये राहिलेल्या परदेशी नागरिकांना 2 फेब्रुवारीपासून प्रवेश बंद झाला. अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय यांना सवलत होती. त्यानंतरच्या दोन महिन्यांत सुमारे 40,000 लोक चीनमधून थेट विमानांनी अमेरिकेत उतरले. त्यांना येऊ द्यायला नको होते असे मला म्हणायचे नाही. ते आपल्या घरी येत होते. पण त्यांच्या फुप्फुसांतला विषाणू त्यांचे कागद वाचून थांबणार नव्हता, आणि उतरल्यावर त्यांचा पाठपुरावा बऱ्याच ठिकाणी ढिला होता. पुढे न्यूयॉर्कमधल्या रुग्णांच्या नमुन्यांतल्या विषाणूची जनुकीय क्रमवारी लावली गेली. तेव्हा दिसले की तिथली साथ मुख्यतः युरोपातून आली होती, आणि युरोपावरची बंदी येण्याच्या कित्येक दिवस आधी ती शहरात पसरू लागली होती. बंदीची घोषणा झाली तीही अशी की युरोपात असलेले अमेरिकी नागरिक घाबरून मिळेल त्या विमानाने परतले. 14 मार्चला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर आरोग्य तपासणीसाठी हजारो प्रवासी बंद दालनांत खांद्याला खांदा लावून कित्येक तास उभे होते. संसर्ग रोखण्यासाठी केलेल्या नियमाला संसर्गासाठी याहून सोयीची जागा देता आली नसती.

यामागचे गणित सोपे आहे. ते एकदा मनात उतरले की पुढचा बराच गोंधळ मिटतो. समजा एखाद्या देशात रुग्णसंख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होते आहे. सरकारने बाहेरून येणारे 100 पैकी 90 बाधित अडवले, म्हणजे बीज दहापट कमी झाले. आता तीन वेळा दुप्पट झाले की आठपट होते आणि चार वेळा झाले की सोळापट. त्यामुळे दहापटीची तूट भरून निघायला तीनहून थोड्या जास्त दुपटी पुरतात, म्हणजे सुमारे दहा दिवस. नव्वद टक्के प्रवेशबंदीची कमाई ती एवढीच. मार्च 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वुहानच्या टाळेबंदीविषयी एक अभ्यास आला. त्याचा निष्कर्षही याच वळणाचा होता: शहर बंद केल्याने चीनच्या इतर भागांतली साथ तीन ते पाच दिवसच लांबली, परदेशात जाणारे बाधित मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळजवळ 80 टक्क्यांनी कमी झाले. प्रवास 90 टक्क्यांनी आटवला तरी देशातला प्रसार निम्म्याने कमी केल्याशिवाय फारसा फरक पडत नाही, असेही त्यात होते. पुढे ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधल्या अभ्यासाने दाखवले की ज्या देशात साथ आधीच पसरली आहे, तिथे एकूण रुग्णांत बाहेरून आलेल्यांचा वाटा इतका लहान असतो की सीमा कडक करून हाती फार काही लागत नाही. तेव्हा प्रवेशबंदीने मिळतो तो वेळ. त्या वेळात चाचण्यांची सोय, खाटा, प्राणवायू आणि माग काढणारी माणसे उभी केली तर तो सार्थकी लागतो. आणि ही मुदतही पूर्ण मिळायची तर चाळणी प्रवासाची हवी. नागरिकांना विनाअट आत घेऊन परक्यांना अडवणारी चाळणी 90 टक्के कधीच अडवत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप न्यूझीलंडचा. त्या देशाने 19 मार्च 2020 रोजी सीमा बंद केली आणि 2021 अखेरपर्यंत सुमारे 50 लाख लोकवस्तीत कोविडने गेलेल्यांची संख्या शंभराच्याही आत ठेवली. मग सीमाबंदी निरुपयोगी कशी म्हणायची? तशी ती म्हणताही येत नाही, आणि हे यश कमी लेखणे हा मेलेल्यांचा आणि वाचलेल्यांचा दोघांचा अपमान होईल. पण ते कशाने मिळाले ते पाहिले पाहिजे. एप्रिल 2020 पासून तिथे उतरणारा प्रत्येक जण, नागरिकसुद्धा, सरकारने ताब्यात घेतलेल्या हॉटेलात 14 दिवस राहिला आणि तिथेच त्याच्या चाचण्या झाल्या. काम केले ते या हॉटेलांनी आणि आत साथ आटोक्यात आणणाऱ्या टाळेबंदीने. विलगीकरणाच्या खोल्या मोजक्या असल्याने आत घ्यायच्या माणसांची संख्या मर्यादित ठेवावी लागली, हेही समजण्यासारखे आहे. मात्र त्या खोल्या वाटण्याची रीत बिघडली. सप्टेंबर 2021 पासून तिथे आभासी रांग आली. ठरल्या वेळी हजारो लोक संकेतस्थळावर दाखल होत आणि संगणक वाटेल त्या क्रमाने नंबर लावी. बाळंतपणाला घरी येऊ पाहणारी स्त्री, मरणासन्न आईला भेटू पाहणारा मुलगा आणि केवळ परत यायचे म्हणून येणारा माणूस यांचे भवितव्य एकाच सोडतीत निघू लागले. 27 एप्रिल 2022 रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने ‘ग्राउंडेड किवीज’ या संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला: विलगीकरणाची योजना मुळात समर्थनीय होती, पण व्यक्तीच्या गरजेचा पुरेसा विचार न करणाऱ्या सोडतीने नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर काही प्रसंगी अवाजवी मर्यादा आणली. विलगीकरण योग्य आणि वाटपाची रीत चुकीची, असे दोन्ही एकाच निकालात आले.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत भारताबाबत जे केले त्यात मात्र ही रेषा पूर्ण ओलांडली गेली. आपल्याकडे दुसरी लाट उसळली तेव्हा न्यूझीलंडने 11 एप्रिलपासून काही आठवडे भारतातून येणाऱ्या सर्वांना, स्वतःच्या नागरिकांनाही, प्रवेश नाकारला. ऑस्ट्रेलिया आणखी पुढे गेला. 3 मे ते 15 मे या काळात, आधीच्या 14 दिवसांत भारतात राहिलेला ऑस्ट्रेलियन नागरिक मायदेशी उतरला तर जैवसुरक्षा कायद्याखाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 66,600 डॉलर दंड होऊ शकत होता. तेव्हा सुमारे 9,000 ऑस्ट्रेलियन भारतात अडकले होते. दिल्लीत प्राणवायूचे सिलिंडर मिळत नव्हते त्या दिवसांत त्यांच्याच देशाने घरी येणे हा गुन्हा ठरवला. हा नियमसुद्धा ‘कुठून आलात’ हेच विचारत होता, मग त्याला आक्षेप का, असे कुणी विचारेल. कारण प्रवासाचा प्रश्न विचारायचा तो पुढचे पाऊल ठरवण्यासाठी: चाचणी, विलगीकरण, किती दिवस, कुठे. उत्तर ऐकून दार लावून घ्यायचे असेल तर तो प्रश्न आरोग्याचा राहत नाही. शिवाय 2020 मध्ये अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये साथ शिगेला असताना तिथून परतणाऱ्या नागरिकांना ऑस्ट्रेलियाने तुरुंगाची भीती घातली नव्हती. सिडनीच्या संघराज्य न्यायालयात या बंदीला दिलेले आव्हान 10 मे रोजी फेटाळले गेले. कायद्याच्या भाषेत सरकारला तो अधिकार होता. अधिकार असणे आणि तो असा वापरणे शहाणपणाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप राज्यसंस्थेच्या बाजूने येतो. खोल्या थोड्या, चाचण्या थोड्या, दवाखाने तुडुंब. अशा वेळी सरकारने आधी आपल्या नागरिकांना जागा द्यावी यात गैर काय? यात तत्त्वतः गैर काहीच नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारावे कलम सांगते की कुणालाही ‘स्वतःच्या देशात’ येण्यापासून मनमानीने रोखता येणार नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 1999 मध्येच स्पष्ट केले की ‘स्वतःचा देश’ ही कल्पना नागरिकत्वापेक्षा रुंद आहे. ज्याचे त्या देशाशी घट्ट आणि विशेष नाते आहे त्यालाही ती लागू पडू शकते. घर जिथे आहे तो देश, असा हा विचार. जपानने एप्रिल 2020 पासून कित्येक महिने कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशीयांनाही, ते बाहेर गेले असतील तर, परत घेतले नाही. पंचवीस-तीस वर्षे टोकियोत कर भरणारा माणूस अडकून पडला आणि त्याच विमानाने आलेला जपानी पासपोर्टवाला चाचणी देऊन घरी गेला. दोघांचा प्रवास एकच, धोका एकच.

भारताच्या ओसीआयबंदीची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोललो. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्या मराठी, तेलुगू, गुजराती जोडप्यांचे उदाहरण घ्या. नवराबायको भारतीय नागरिक, पण तिथे जन्मलेले बाळ जन्माने अमेरिकी, त्याच्या नावावर ओसीआय कार्ड. 2020 च्या वसंतात यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा, असा तिथला नियम. 7 मे पासून अडकलेल्या भारतीयांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली आणि आईबापांना तिकीट मिळू लागले, पण काहींच्या बाबतीत विमानतळाच्या काउंटरवर सांगितले गेले की तुम्ही जाऊ शकता, बाळ जाऊ शकत नाही. अंगावर पिणारे मूल मागे ठेवून कुणी जाईल का? 22 मे रोजी गृह मंत्रालयाने ओसीआयधारकांच्या चार गटांना सूट दिली: भारतीय नागरिकांची परदेशात जन्मलेली अल्पवयीन मुले, घरात मृत्यू किंवा तसेच संकट आलेले, नवराबायकोपैकी एक भारतीय नागरिक असून ज्यांचे घर भारतात आहे ते, आणि आईवडील भारतात राहणारे विद्यापीठातले विद्यार्थी. ही सूट योग्य होती आणि ती दहा आठवडे उशिरा आली. सरसकट सगळ्या ओसीआयधारकांना वाट मोकळी झाली ती 21 ऑक्टोबर 2020 ला. या सात महिन्यांत पुण्यात किंवा ठाण्यात एकटे राहणारे कित्येक आईवडील गेले आणि परदेशी पासपोर्ट असलेल्या त्यांच्या मुलांनी अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. त्यांच्याच सोसायटीतल्या शेजाऱ्याचा भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा मात्र त्याच शहरातून, त्याच विमानाने येऊ शकत होता.

नागरिकत्वाची ही चाळणी सर्वांत उघडी पडली ती समुद्रावर. जगातला बहुतेक व्यापारी माल जहाजांनी जातो, आणि जहाजे एका देशात नोंदलेली, दुसऱ्याच्या मालकीची, तिसऱ्या-चौथ्या देशांतल्या माणसांनी चालवलेली असतात. बंदरांनी माल उतरवून घेतला आणि माणसे उतरू दिली नाहीत. खलाशी आणि अधिकारी यांचे ‘साइन-ऑन’ आणि ‘साइन-ऑफ’, म्हणजे पाळीबदल, थांबले. सागरी कामगार करारानुसार सलग अकरा महिन्यांहून जास्त कुणाला जहाजावर ठेवायचे नाही. 2020 च्या उत्तरार्धात सुमारे 4 लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकलेले होते, आणि साधारण तेवढेच घरी बसून कामावर जाण्याची वाट पाहत होते. यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. एप्रिल 2020 मध्ये ‘मॅरेला डिस्कव्हरी’ हे प्रवासी जहाज मुंबईबाहेरच्या समुद्रात नांगर टाकून उभे राहिले. त्यावर सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी होते, त्यांत अनेक गोव्याचे. किनारा दिसत होता, देश स्वतःचा होता, पासपोर्टही भारतीय होता, पण गृह मंत्रालयाने पाळीबदलाची कार्यपद्धती ठरवेपर्यंत उतरता आले नाही. 23 एप्रिलला ते उतरले. पुढे चीनच्या किनाऱ्याजवळ ‘जग आनंद’ आणि ‘अनास्तासिया’ या दोन जहाजांवर मिळून 39 भारतीय कित्येक महिने अडकले. ऑस्ट्रेलियाचा कोळसा उतरवायचा राहिला होता आणि त्यामागे चीन-ऑस्ट्रेलिया व्यापारी तंटा असल्याची चर्चा होती, तरी माणसे न उतरवण्याचे कारण म्हणून साथीचे नियमच पुढे केले गेले. 1 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून खलाशांना अत्यावश्यक कामगार म्हणायला सांगितले. हे सांगावे लागले, यातच सगळे आले: महिनोन्‌महिने इतरांपासून तुटलेला खलाशी हा बहुधा बंदरातला सर्वांत सुरक्षित माणूस होता.

लशी आल्यावर तरी ही भेदरेषा पुसली जायला हवी होती, कारण आता माणसाचा धोका मोजायला पासपोर्टपेक्षा चांगले साधन हातात होते. झाले उलटे. 1 जुलै 2021 पासून युरोपीय संघाचे डिजिटल प्रमाणपत्र आले. युरोपच्या औषध नियामकाने मान्यता दिलेल्या यादीत अ‍ॅस्ट्राझेनेकाची ‘व्हॅक्सझेव्रिया’ होती, पण तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्हिशील्ड’ नावाने बनवली तर ती यादीत नव्हती, कारण त्या कारखान्याच्या उत्पादनासाठी तिथे अर्जच आलेला नव्हता. काही युरोपीय देशांनी आपापल्या अधिकारात ती मानली, काहींनी नाही. ब्रिटनचे वागणे त्याहून समजायला कठीण होते. त्याच वर्षी मार्चमध्ये सीरमने बनवलेले 50 लाख डोस ब्रिटनने स्वतःच्या नागरिकांसाठी नेले होते. सप्टेंबरमध्ये नवे प्रवासनियम जाहीर झाले तेव्हा भारतात हीच लस घेतलेल्या माणसाला लस न घेतलेला धरले गेले. भारताने हा भेदभाव असल्याचे सांगितल्यावर लस मान्य झाली, पण प्रमाणपत्राचा घोळ राहिला. को-विन या भारतीय लसनोंदणी यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नसणे ही त्यातली एक अडचण होती आणि ती दुरुस्त केली गेली. 4 ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटिश प्रवाशांना तसेच दहा दिवसांचे विलगीकरण आणि चाचण्या लावल्या. 11 ऑक्टोबरला ब्रिटनने नियम सैल केला, 13 तारखेला भारताने आपला मागे घेतला. या नऊ दिवसांत ब्रिटनमध्ये किंवा भारतात साथीची स्थिती बदललेली नव्हती.

अमेरिकेची भारतावरची बंदी 4 मे 2021 ते 8 नोव्हेंबर 2021 अशी चालली. ती विशेष उल्लेखायला हवी, कारण तिने पळवाटच अधिकृत केली. आधीचे 14 दिवस भारतात नसलात की झाले. तेव्हा एच-वन-बीवाले मेक्सिको, सर्बिया अशा देशांत जाऊन दोन आठवडे राहिले आणि तिथून अमेरिकेत गेले. ज्याच्याकडे तिकीट, हॉटेल आणि दोन आठवड्यांची सुटी यांचे पैसे होते तो पोचला. दोन विमानतळांऐवजी चार विमानतळांतून फिरून पोचला. ज्याच्याकडे पैसे नव्हते तो सहा महिने बायकोमुलांपासून तुटला. भारतातून थेट येऊन चाचणी आणि दहा दिवसांचे विलगीकरण सोसायला त्यांच्यातला प्रत्येक जण तयार झाला असता.

तिसरा आक्षेप अनिश्चिततेचा: साथ नवी, माहिती अपुरी, सरकारांनी सावधगिरी बाळगली तर त्यांना दोष का द्यावा? पहिल्या काही आठवड्यांपुरता हा बचाव मी पूर्ण मान्य करतो. जानेवारी 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटना प्रवासनिर्बंधांची शिफारस करत नव्हती, आणि लवकर बंदी घालणाऱ्या देशांनी तिचे ऐकले नाही तेच बरे केले. ब्रिटनने एप्रिल 2021 मध्ये पाकिस्तान आणि बांगलादेशला आधी कडक निर्बंधांच्या लाल यादीत घातले, भारताला दोन आठवड्यांनी 23 तारखेला, आणि तेही चार दिवस आधी जाहीर करून; त्या सवडीत विषाणूचा डेल्टा प्रकार तिथे पोचून पसरला. उशीर महाग पडतो. पण सावधगिरीचा बचाव दीर्घकाळ चालत नाही. नोव्हेंबर 2021 पर्यंत दोन वर्षांचा अनुभव गाठीशी होता. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार ओळखून 24 नोव्हेंबरला जगाला कळवले आणि दोनच दिवसांत ब्रिटन, अमेरिका, युरोपीय संघ यांनी आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांतून येण्यावर निर्बंध जाहीर केले. नंतर नेदरलँड्समध्ये 19 आणि 23 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही तोच विषाणू सापडला. तो आधीच युरोपात होता. 26 नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेहून अ‍ॅमस्टरडॅमला उतरलेल्या दोन विमानांतल्या सहाशेहून जास्त प्रवाशांची चाचणी झाली आणि 61 जण बाधित निघाले. त्यांना वेगळे ठेवले गेले. सीमेवर काय करायचे असते ते त्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर झाले. बंदीची त्याला गरज नव्हती. जानेवारी 2022 मध्ये आरोग्य संघटनेच्या आणीबाणी समितीने सरसकट प्रवासबंदी उठवायला सांगितली.

अशा बंदीचा सर्वांत मोठा तोटा पुढच्या साथीला भोवतो, आणि तो आपण 1994 मध्ये भोगला आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग आढळला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण आखाती देशांसह अनेकांनी भारताची विमाने थांबवली, भारतीय माल नाकारला. आरोग्य संघटनेने तशी शिफारस केलेली नव्हती. प्रामाणिकपणे साथ कळवणाऱ्या देशाला शिक्षा होते असे एकदा दिसले की दुसरा देश ती लपवतो. हे ओळखूनच पुढे 2005 ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली आली. तिच्या 43 व्या कलमाने सांगितले की एखादा देश शिफारशीपलीकडे जाऊन प्रवास अडवत असेल तर तो उपाय गरजेपेक्षा जाचक नसावा, त्याला शास्त्रीय आधार असावा आणि त्याची कारणे 48 तासांत कळवावीत. कोविडमध्ये हे कलम जवळजवळ सर्वांनी गुंडाळून ठेवले. 2024 मध्ये नियमावलीत दुरुस्त्या झाल्या आणि ‘महासाथीची आणीबाणी’ ही नवी पायरी आली, पण कारणे न देणाऱ्या देशाला जाब विचारण्याची ताकद त्या नियमावलीत आजही नाही. निदान प्रत्येक प्रवेशबंदीला जाहीर करतानाच संपण्याची तारीख असावी, आणि ती वाढवायची तर आकडे मांडून वाढवावी, एवढे कोणतेही सरकार स्वतःच्या कायद्यात लिहू शकते.

कारण बंदी उठली असे सरकारने म्हटल्याने दार उघडतेच असे नाही. मार्च 2020 मध्ये जगभरच्या दूतावासांनी व्हिसाच्या मुलाखती थांबवल्या, कर्मचारी कमी झाले, अर्ज साचत गेले. अमेरिकेची भारतावरची बंदी नोव्हेंबर 2021 मध्ये संपली, तरी त्यानंतर भारतात पर्यटक-व्यवसाय व्हिसाच्या मुलाखतीसाठी सरासरी 1,000 दिवस थांबावे लागेल अशी वेळ आली. मुलीचे बाळंतपण करायला न्यू जर्सीला निघालेल्या आईला तारीख मिळायची ती नातवंड चालू-बोलू लागल्यानंतरची. हा खोळंबा मोडायला जादा अधिकारी आणावे लागले, जुन्या व्हिसाधारकांना मुलाखतीतून सूट देऊन ‘ड्रॉपबॉक्स’ने कागद घ्यावे लागले. 2023 मध्ये भारतातल्या अमेरिकी कार्यालयांनी 14 लाख अर्ज हाताळले आणि ती मुदत सरासरी 250 दिवसांवर आली. अमेरिकेत कायमचे राहायला जाणाऱ्या नातेवाइकांच्या भारतातल्या मुलाखती एकट्या मुंबईत होतात. साथीमुळे तिथे तुंबलेली 31,000 हून जास्त प्रकरणे त्याच वर्षी निकालात निघाली. बंदी कागदावरून उठून तोवर दोन वर्षे झाली होती.